नरसीपूरच्या आडवाटा

वाचकहो, तिरुमकूडलु नरसीपूर हे लांबलचक नाव आपणांपैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल. म्हैसूरपासून सुमारे तीस किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव आहे. बसच्या पाटीवर एवढे नाव मावत नाही, म्हणून त्याचे 'टी. नरसीपूर' झाले आणि तेच रूढ झाले. कावेरी आणि कपिला, जिला नकाशात काबिनी म्हणतात, यांचा येथे संगम होतो. तिसरा, डोळ्यांना न दिसणारा स्फटिक सरोवराचा प्रवाह श्रद्धेने धरावयाचा, म्हणजे त्रिवेणी पुरी होते. कन्नडमध्ये 'कूडलु' म्हणजे संगम. काठावर गुंजा नरसिंहस्वामींचे देवालय आहे आणि संगमाशी अगस्त्येश्वराचे.

आम्ही पतिपत्नी मूळची कृष्णाकाठची. पत्नीचे माहेर कुरुंदवाडचे, म्हणजे नृसिंहवाडीच्या अगदी शेजारचे. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम पाहत ती लहानाची मोठी झाली. २०२१ मध्ये आम्ही येथे मुलीच्या घरी राहावयास आलो तेव्हा घाटावर उभी राहून ती प्रथम एवढेच म्हणाली, "अहो, नदी दुसरी, पण नरसोबा तोच की!" त्या एका वाक्यावर आमचे परगावपण बरेचसे निभावले.

आम्ही येथे आलो त्याचे कारण मात्र आनंदाचे नव्हते. २०१९ मध्ये पत्नीला पार्किन्सन्सचा विकार असल्याचे निदान झाले. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात, परंतु त्या नावाने थोडी दिशाभूल होते. हाताचा कंप हा या दुखण्याचा दिसणारा भाग. त्याहून क्लेशकारक असते ती हालचालीची टाळाटाळ. मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होत जातात आणि जी हालचाल आपण मनात आणण्यापूर्वीच शरीर करून मोकळे होते, तीच हुकुमाची वाट पाहत थांबते. पत्नी स्वयंपाकघरातून माजघरात येताना उंबऱ्याशी थबके. पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. वरचे अंग पुढे झुके, पाय मागेच राहत. मग मी हात धरावा आणि तिने रागवावे. राग माझ्यावर नसे, हे कळावयास मला वर्ष लागले.

कोठल्याही घरात असा रोगी असला म्हणजे घर आकसू लागते. पाहुण्यांकडे जाणे बंद, मग देवळात जाणे बंद, मग दारापर्यंत जाणेही 'उद्या पाहू'वर. आमचेही तसेच झाले होते.

एके दिवशी सायंकाळी नातीची सायकल अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पत्नी ओट्यावर बसून बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. मुलगी आत कणीक मळत होती. पत्नी मला हळूच म्हणाली, "अहो, जरा सायकल धरता का? मी सांगेपर्यंत सोडू नका." मी वेड्यासारखा उठलो आणि धरली. कुरुंदवाडच्या शाळकरी मुलींमध्ये तिने उसाच्या फडांतून सायकल पिटाळलेली. पण त्याला पन्नास वर्षे होऊन गेलेली! सीटवर बसावयास तिला पाच मिनिटे लागली. पहिल्या पायडलला मी ढकलले, दुसरे तिने आपल्या पायाने मारले, आणि तिसऱ्यानंतर, तिने न सांगता, हँडल माझ्या हातून निसटले.

वाचकहो, जी बाई उंबरा ओलांडू शकत नव्हती ती गल्लीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेली. मुलगी कणकेच्या हातांनी बाहेर धावत आली आणि "आई, उतर आधी!" असे ओरडत राहिली. उतरणे मात्र साधले नाही. गल्लीच्या टोकाला ती विटांच्या ढिगावर सावकाश कलंडली. गुडघा खरचटला. ती मोठ्याने हसत होती, आणि तिचे ते हसणे ऐकून मला किती महिने झाले होते, याचा हिशेब मी मनातल्या मनात करू लागलो.

पुढच्या खेपेस म्हैसूरच्या डॉक्टरांना हे सांगताना मी अपराध्यासारखा उभा होतो. ते मुळीच चकित झाले नाहीत. नेदरलँड्समधील डॉक्टर बास ब्लूम यांनी २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रसिद्ध नियतकालिकात असाच एक रोगी वर्णन केला होता. दहा वर्षांचा जुना पार्किन्सन्स, चार पावले टाकताना पडणारा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ, आणि तोच सायकलवर बसला की निर्वेधपणे फिरून येई. असे का होते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. पायडलांच्या फिरण्यातून पायांना बाहेरून ताल मिळतो आणि मेंदूतील बिघडलेल्या भागाला वळसा घालून हालचाल घडते, असा एक तर्क आहे. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या किंवा पायापुढे काठी आडवी धरली तर खिळलेले पाऊल सुटते, हेही याच जातीचे आहे. मात्र प्रत्येक रोग्याला हे साधतेच असे नाही, आणि ज्यांचा तोल गेलेला आहे त्यांनी तर हा उद्योग करूच नये. कोणी घरात अशी व्यक्ती असेल तर हा लेख वाचून सायकल काढू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "फिरू द्या. धोका चालवण्यात नाही, चढण्या-उतरण्यात आहे. त्यांना वारंवार थांबावे लागणार नाही असा रस्ता तुम्ही शोधा."

हे वाक्य ऐकावयास सोपे आहे. आपल्या देशात न थांबता जाता येईल असा रस्ता शोधून पाहावा, म्हणजे त्यातील अवघडपणा कळेल.

पहिली चूक मीच केली. गावातून जाणारा मोठा रस्ता हा कोझिकोडहून म्हैसूरमार्गे कोळ्ळेगाळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पहाटे तो मोकळा असतो अशी माझी समजूत. त्यावरून फर्लांगभर जाऊन पलीकडच्या गावरस्त्याला लागावे असा बेत मी केला. मागून मालमोटारीचा कर्णा वाजला, पत्नीने दचकून ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि ती रस्त्याच्या मधोमध खिळली. सायकल पायांत, पाऊल पुढे नाही की मागे नाही. मालमोटारवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरला, आणि एक शब्द न बोलता सायकल उचलून कडेला ठेवली. मग आम्ही दोघांनी तिला बाजूला नेले. त्या भल्या माणसाचे आभार मानण्याचेही मला सुचले नाही. याच तालुक्यात, कुरुबूर गावाजवळ, २०२३ च्या मे महिन्यात मोटार आणि बस यांची टक्कर होऊन दहा माणसे गेली. तेव्हापासून महामार्ग मी आमच्या हिशेबातून कायमचा वजा केला आहे.

त्यानंतर चार महिने मी एकटाच हिंडलो. पूर्वी मी शाळेत भूगोल शिकवीत असे. पण नकाशावरची समोच्च रेषा ही काय चीज आहे हे मला निवृत्तीनंतर, जुन्या सायकलवर, कालव्याच्या काठी कळले. गोष्ट अशी की कालव्याचे पाणी अगदी मंद उताराने न्यावयाचे असते, म्हणून तो टेकडीवर चढत नाही की खोलगटात उतरत नाही. उंचसखल जमिनीच्या कडेकडेने, वळणे घेत, एकाच पातळीला धरून जातो. साहजिकच त्याच्या काठचा रस्ताही लांबचा, वळणाचा, पण जवळजवळ सपाट असतो. घाईच्या माणसाला तो नकोसा, म्हणून तेथे गाड्या नाहीत. आणि दुबळ्या पायांना तो हवासा. गंमत म्हणजे इकडे कालव्याला 'नाले' म्हणतात. पत्नीला मी पहिल्यांदा "नाल्याच्या काठाने जाऊ" म्हणालो तेव्हा तिने नाक मुरडले होते.

मी एक वही घातली. तिच्यात किलोमीटर कमी आणि अडथळे अधिक आहेत. कोठे गतिरोधक आहे आणि त्याला पांढरे पट्टे आहेत की नाहीत. कोठल्या मोरीचा कठडा तुटला आहे. कोठल्या मळ्यातील कुत्रे फक्त भुंकते आणि कोठले मागे लागते. टेकून उतरता येईल असा कट्टा किंवा दगड कोठे आहे. उतरण्याच्या या जागा मला रस्त्याहून महत्त्वाच्या वाटतात. सायकलची सीट इतकी खाली घेतली आहे की बसल्या बसल्या तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. तिचा डावा हात अधिक दुबळा, म्हणून दुकानदाराकडून मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला आणून घेतला. त्याने 'असे कोणी करीत नाही' असे तीनदा सांगितले आणि मग उत्तम करून दिले.

वेळही वहीत आहे. सकाळची गोळी घेतल्यावर पाऊण तासाने तिचे अंग मोकळे होते आणि पुढे दोन-अडीच तास तसे राहते. तेवढ्यात जाणे आणि येणे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा नेटाने वाहतो. तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडावर जावयाचे आणि परतताना त्याला पाठीशी घ्यावयाचे. उलट केले तर दमलेल्या पायांनी वारा कापावा लागतो. मी हे एकदा विसरलो होतो; त्याची आठवण मला अजून करून दिली जाते.

सुगीच्या दिवसांत एक निराळेच संकट. येथले शेतकरी नाचणी आणि हुलगे ताटांसकट डांबरी रस्त्यावर पसरतात, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली आपोआप मळणी होते. मोटारीला त्याचे काही नाही. सायकलच्या चेनमध्ये मात्र ती ताटे गुरफटतात आणि चाक घसरते. प्रथम मला याचा राग येई. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पत्नीला दुरून येताना पाहिले आणि काठीने ताटे सारून हातभर रुंदीची वाट मोकळी करून ठेवली. पुढच्या दिवशी आम्ही आलो तेव्हा ती वाट आधीच केलेली होती. राग तेथेच संपला. त्याच्या घरची सून रोज हाक मारते, "बन्नि अज्जी, कॉफी कुडीरि!" आम्ही थांबू शकत नाही, हे तिला ठाऊक आहे, तरी हाक चुकत नाही.

या वाटांवर पाहावयास काय मिळते, असे आपण विचाराल. भाताची खाचरे, ऊस, नारळाच्या रांगा आणि तुती. म्हैसूरच्या रेशमाचे नाव आपण ऐकले असेल. त्या साड्या विणल्या जातात म्हैसुरात, पण त्यांचे सूत कोषांतून उलगडण्याचा राज्य सरकारच्या रेशीम उद्योग महामंडळाचा कारखाना आमच्या नरसीपुरात आहे. पहाटे बायका तुतीच्या पाल्याचे भारे डोक्यावरून नेतात, कारण किड्यांना पाला ताजा हवा. हवा स्वच्छ असली की आग्नेयेला बिळिगिरिरंगन टेकड्यांची निळसर रेघ दिसते. शाळेच्या वेळी मुलामुलींचे थवे सायकलींवरून येतात; २००६-०७ पासून सरकारने आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्यास आरंभ केला, त्या पिढीने या रस्त्यांना सायकलची सवय लावली. ती मुले आम्हांला ओलांडून जाताना घंटी वाजवीत नाहीत. कोणी शिकवले, देव जाणे.

माझ्या वाचनात आले की आल्प्स पर्वताच्या दऱ्यांतून नदीकाठाने सायकलींसाठी असे शांत रस्ते नीट आखून दिलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९९८ साली नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग खुले झाले. फाट्याफाट्यावर लाल पाट्या, त्यांवर मार्गाचा क्रमांक. २०१८ च्या सप्टेंबरात तर तेथील नागरिकांनी मतदान करून सायकलमार्गांना राज्यघटनेत स्थान दिले. शंभरांत त्र्याहत्तरांहून अधिक मते अनुकूल पडली. ते वाचून मला हेवा वाटला हे कबूल करतो. आमच्याकडे पाटी नाही. आहे ती माझी वही आणि चहाच्या टपरीवरची माणसे. पण कालवे आपल्या राज्यांत कमी नाहीत. त्यांच्या काठचे रस्ते पाटबंधाऱ्याच्या देखरेखीसाठी केलेले, ते आधीपासून तयारच आहेत. त्यांवर चार पाट्या आणि बसावयास चार कट्टे करण्यास किती खर्च येईल? हा प्रश्न मी तालुक्याच्या एका सभेत विचारला. लोक सभ्यपणे हसले.

आता सोमनाथपूरची हकीकत सांगतो. ते मुख्य रस्त्याने दहाएक किलोमीटर, आणि आमच्या वहीप्रमाणे चौदा. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ याने १२६८ च्या सुमारास बांधविलेले तेथील केशव मंदिर बेलूर आणि हळेबीड यांच्यासह २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पत्नीने ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि कात्रण भिंतीला लावले. "मोटारीने नेतो," मी म्हणालो. ती म्हणाली, "मोटारीने मला पार्सलासारखे नेतात. मी माझ्या पायांनी जाईन." पायांनी म्हणजे सायकलने, हे सांगावयास नको. मुलीचा विरोध होता. आठ दिवस घरात या विषयावर कोणी उघड बोलले नाही आणि दुसरा विषय कोणाच्या मनात नव्हता.

शेवटी तोड निघाली. नदीवरच्या पुलावर गर्दी, म्हणून पूल तिने मुलीच्या स्कूटरवर मागे बसून ओलांडावयाचा. तिची सायकल मी आदल्या संध्याकाळी पलीकडच्या चहावाल्याकडे नेऊन ठेवली. मध्यावर, सातव्या किलोमीटरला, एका मारुतीच्या पारावर विश्रांती आणि गोळी. परत येताना स्वाभिमान बाजूला ठेवून टेम्पो. या शेवटच्या कलमावर तिची सही मिळावयास सर्वांत अधिक वेळ लागला.

जानेवारीची सकाळ होती. धुके विरत होते. मी दहा हात मागे होतो, कारण शेजारी गेलो की ती माझ्याकडे पाहते आणि हँडल वळते. चौदा किलोमीटरांना सव्वा तास आणि वर विश्रांतीची पंचवीस मिनिटे लागली. वाटेत काही घडले नाही. एवढे वाक्य लिहिता यावे म्हणून मी चार महिने हिंडलो होतो.

घडले ते देवळाच्या महाद्वाराशी. दगडी उंबरा पाहताच तिचे पाय खिळले. मागे सहलीला आलेली मुले खोळंबली. तिचा चेहरा पडला. आल्यावाटे परत फिरावे असे तिच्या मनात आले असावे. मी हातातली छत्री मिटून तिच्या पावलांपुढे जमिनीवर आडवी ठेवली. तिने खाली पाहिले, छत्री ओलांडावी तसे पाऊल उचलले, आणि त्याच झोकात उंबराही ओलांडला. पहारेकरी हे पाहत होता. आम्ही बाहेर पडू लागलो तेव्हा त्याने, मी छत्री काढण्यापूर्वीच, आपली काठी उंबऱ्याशी आडवी धरली.

आत मात्र तिला माझी गरज लागली नाही. तीन गाभाऱ्यांचे ते मंदिर चांदणीच्या आकाराच्या उंच जोत्यावर उभे आहे. ती जोत्याच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालू लागली. फरसबंदीच्या दगडांचे सांधे एकामागून एक येत होते. तेच तिच्या पायांना रेघांसारखे उपयोगी पडत असावेत. प्रत्येक कोनाशी वळण, प्रत्येक वळणावर भिंतीतील नवी मूर्ती. मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराने यांतल्या कित्येक मूर्तींखाली आपले नाव कोरून ठेवले आहे. मी तिला ते दाखवू लागलो तर ती म्हणाली, "थांबवू नका मला आता."

वाचकहो, या दुखण्याला उतार नाही. औषधे आहेत, पण उलट फिरणे नाही. गेल्या वर्षभरात डाव्या पायाची शक्ती कमी झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संगमावर कुंभमेळा भरला तेव्हा गर्दीमुळे आठवडाभर सायकल बंद होती. तेवढ्या खंडानेही पुन्हा बसताना पहिल्या दिवसाइतका वेळ लागला. चौदाचे आता सहा झाले आहेत. दुकानदार तीन चाकांच्या सायकलचा विचार करा म्हणतो. पत्नीला ते नाव काढलेले आवडत नाही; पण परवा मी घरी नसताना तिने मुलीकडून किंमत विचारून घेतली, असे मला नातीकडून कळले.

तिच्या मनात तलकाड आहे. कावेरीकाठची ती वाळूत गाडली गेलेली देवळे, अलमेलम्मेच्या शापाची कथा, आणि पलीकडे वाळू कशी आली याविषयी संशोधकांचे नदीवरच्या जुन्या बंधाऱ्याकडे बोट, हे सर्व तिने वाचून ठेवले आहे. २०२० च्या डिसेंबरात तेथे पंचलिंग दर्शनाचा योग होता. तेव्हा आम्ही येथे नव्हतो. नरसीपुराहून ते सुमारे अठरा किलोमीटर. मी नाही म्हटलेले नाही. तीन तुकडे करावे लागतील, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कट्टा हवा, आणि तीन चाकांना पुरेल एवढी रुंदी मोऱ्यांवर आहे की नाही ते मोजावे लागेल. पहिला तुकडा मी पाहून आलो आहे. दोन मोऱ्या अरुंद आहेत. उद्या टेप घेऊन पुन्हा जाणार आहे.